मीमसाठी छायाचित्रही स्वतःचेच: अमेरिकी शाळांतील माध्यमकलेच्या वर्गात नेमके काय शिकवतात?

अमेरिकेतील हायस्कुलांत 'मीडिया आर्ट्स' अर्थात माध्यमकला हा विषय घेणाऱ्या मुलांना कधी कधी एक वेगळाच गृहपाठ मिळतो. एक मीम तयार करायचे. मात्र त्यातले छायाचित्र स्वतः काढलेले असले पाहिजे आणि त्यावरची ओळही स्वतःलाच सुचलेली असली पाहिजे. इंटरनेटवरून उचललेले चित्र चालणार नाही. घरी हे ऐकल्यावर पालकांच्या कपाळावर आठी उमटते. जो पोरखेळ मुले दिवसभर फोनवर पाहत असतात, त्यालाच शाळेत गुण मिळणार असतील तर तो अभ्यास कसला, असा त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गृहपाठाच्या अटीतच आहे. दुसऱ्याच्या चित्रावर ओळ चिकटवणे हे काही क्षणांचे काम. चित्र स्वतःचे असावे म्हटले, की विद्यार्थ्याला कॅमेऱ्यामागे उभे राहावे लागते, कोणाला तरी कॅमेऱ्यासमोर उभे करावे लागते आणि त्या माणसाबरोबर हसायचे की त्याला हसायचे, हे ठरवावे लागते. नजर, भाषा, मालकी आणि संमती असे चार धडे एका कामात मिळतात. त्यांतला शेवटचा धडा सर्वांत मोलाचा आहे.

विषय कोठून आला?

अमेरिकेत शालेय अभ्यासक्रम केंद्र सरकार ठरवत नाही. तो अधिकार राज्यांचा आणि स्थानिक शाळा-मंडळांचा आहे. कलाशिक्षणासाठी मात्र २०१४ मध्ये 'नॅशनल कोअर आर्ट्स स्टँडर्ड्स' ही ऐच्छिक राष्ट्रीय मानके तयार झाली. त्यांत नृत्य, संगीत, नाट्य आणि दृश्यकला यांच्या पंक्तीत माध्यमकलेला पाचवे स्थान मिळाले. छायाचित्र, चित्रफीत, ध्वनी, अ‍ॅनिमेशन आणि संगणकीय रचना ही तिची क्षेत्रे. कल्पना घडवणे, ती तयार करून लोकांपुढे मांडणे, इतरांच्या कामाचा अर्थ लावणे आणि कलेची जगण्याशी सांगड घालणे, अशा चार अंगांनी या मानकांची रचना केलेली आहे. छायाचित्र-मीम हा आकाराने लहान प्रकार असला तरी ही चारही अंगे त्यात येतात, आणि चित्रपटाला जिथे महिने लागतील तिथे हे काम आठवडाभरात उरकते. शिक्षकांना तो सोयीचा वाटतो तो यामुळे.

दुसरे कारण माध्यमसाक्षरतेचे. इलिनॉय राज्यात २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून सार्वजनिक हायस्कुलांना माध्यमसाक्षरतेचा घटक शिकवणे बंधनकारक झाले. न्यू जर्सीने जानेवारी २०२३ मध्ये, तर कॅलिफोर्नियाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या प्रकारचे कायदे केले. या तिन्ही राज्यांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मीम करायला शिकवा, असे कोणताही कायदा सांगत नाही. मात्र प्रतिमा आपल्याला कशी पटवते हे मुलांना कळावे, अशी या कायद्यांची अपेक्षा आहे, आणि ते कळण्याचा जवळचा मार्ग म्हणजे तशी एखादी प्रतिमा स्वतः घडवून पाहणे.

शब्द आणि त्याचा आकार

'मीम' हा शब्द इंटरनेटपेक्षा जुना आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात तो प्रथम वापरला. अनुकरणाचा अर्थ असलेल्या ग्रीक धातूवरून 'मिमीम' हा शब्द घेऊन, 'जीन'शी नाद जुळावा म्हणून त्यांनी तो तोडून लहान केला. गुणसूत्रांतून जसा जनुकांचा प्रसार होतो, तशी एखादी चाल, म्हण किंवा पोशाखाची तऱ्हा अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाते, हे त्यांना सांगायचे होते. पुढे इंटरनेटवर हाताहाती फिरणाऱ्या, फिरताना बदलत जाणाऱ्या विनोदी चित्रांना हे नाव पडले.

छायाचित्र-मीमचा जुना ठराविक आकार सर्वांच्या परिचयाचा आहे: मधे चित्र, वर एक ओळ, खाली एक ओळ. वरची ओळ प्रसंग उभा करते आणि खालची त्याला कलाटणी देते. अक्षरे जाड, पांढरी, काळ्या कडांची. त्या अक्षरवळणाचे नाव 'इम्पॅक्ट'. जेफ्री ली यांनी ते १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये आखले, तेव्हा मोठे मथळे आणि भित्तिपत्रके हेच त्याचे क्षेत्र होते. १९९६ नंतर मायक्रोसॉफ्टने वेबसाठी दिलेल्या मोजक्या अक्षरवळणांत त्याचा समावेश झाला आणि ते जवळजवळ प्रत्येक संगणकावर पोहोचले. पांढऱ्या अक्षराला काळी कड असली, की ते उजळ आकाशावरही वाचता येते आणि काळोख्या भिंतीवरही. माध्यमकलेच्या वर्गात अक्षरांची सुवाच्यता शिकवताना हे उदाहरण हाताशी असते.

आधी चित्र, मग ओळ

या गृहपाठाची सुरुवात बहुधा वहीत होते. सर्वांना आलेला, पण कोणी फारसा बोलून न दाखवलेला अनुभव शोधायचा असतो. परदेशातील मराठी घरातले एक उदाहरण घेऊ. फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचा डबा दिसतो, मूल आनंदाने झाकण उघडते, आणि आत निघते गोठवलेले खोबऱ्याचे वाटण. वर्गातल्या इतर मुलांच्या घरी हाच अनुभव निळ्या पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्याने दिलेला असतो. त्यात सुया, दोरे आणि बटणे असतात. अनुभव घरचा असूनही तो सर्वांचा ठरतो, आणि मीमला असाच अनुभव लागतो.

आता छायाचित्र. डबा वरून टिपायचा की समोरून? वरून टिपला तर वाटण दिसेल, पण मुलाचा चेहरा जाईल. समोरून टिपला तर चेहरा मिळेल, पण डब्यातले काही दिसणार नाही. हातातला चमचा अर्ध्या वाटेवर थांबलेला दाखवला, तर उत्सुकता आणि निराशा दोन्ही एकाच चौकटीत येतात. फ्रीझरच्या दिव्याचा पांढरा उजेड चेहऱ्यावर पडला, तर प्रसंग आपोआप गंभीर होतो आणि विनोदाला धार येते. ओळीसाठी वर किंवा खाली मोकळी जागा सोडावी लागते. नाहीतर अक्षरे कपाळावर येऊन बसतात. चौकट, कोन, उजेड आणि रिकामी जागा या साऱ्या छायाचित्रणाच्या मूलभूत गोष्टी आहेत. पाठ म्हणून शिकवल्या तर त्या रुक्ष वाटतात. डब्यासाठी त्या शिकाव्या लागतात.

मग येते ओळ, आणि खरी अडचण इथेच होते. पहिल्या प्रयत्नात विद्यार्थी लिहितो: 'आईने आइस्क्रीमच्या डब्यात वाटण ठेवले.' हे तर चित्रच सांगते आहे. ओळीने भर काहीच घातली नाही. दुसरा प्रयत्न: 'डब्यावर तर व्हॅनिला लिहिले होते.' आता थोडी तक्रार आली. तिसरा प्रयत्न: 'आयुष्यातला पहिला विश्वासघात.' इथे चित्राने वस्तू दाखवली आणि शब्दांनी भावना. दोहोंच्या मधले अंतर बघणाऱ्याने स्वतः ओलांडायचे आहे; ते ओलांडताना हसू येते. चित्र झाकले तर ओळ अपुरी वाटली पाहिजे आणि ओळ झाकली तर चित्र, ही कसोटी साधी असली तरी बरेच कच्चे काम तिच्यापुढे टिकत नाही.

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी जाहिरातींचा अभ्यास करताना १९६४ मध्ये शब्द आणि चित्र यांच्या नात्याचे दोन प्रकार सांगितले होते. काही वेळा शब्द नांगरासारखे काम करतात: चित्राच्या अनेक अर्थांतून एक पक्का करतात. वृत्तपत्रातील छायाचित्राखालची ओळ अशी असते. काही वेळा शब्द आणि चित्र एकमेकांना पूरक ठरून, दोघांत मिळून गोष्ट पुढे नेतात. चांगले मीम बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडते. अमेरिकी कलावंत बार्बरा क्रुगर यांनी १९८० च्या दशकात कृष्णधवल छायाचित्रांवर लाल पट्ट्यांतील पांढऱ्या अक्षरांत छोटी, थेट वाक्ये लिहून हेच नाते कलादालनांत नेले. मराठी वाचकाला याची उलट बाजूही ठाऊक आहे. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रे बहुधा शब्दांविनाच हसवतात. ओळ केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही, हे समजावून सांगायला ती चित्रे उत्तम आहेत, आणि घरी दिवाळी अंकांची जुनी चळत असेल तर हा पाठ पालकांनाही देता येईल.

चौकटीबाहेर काय राहिले?

स्वतः छायाचित्र काढणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट कळते. चौकटीत काय घ्यायचे हे ठरवताना काय वगळायचे, हेही तो ठरवत असतो. 'डिझास्टर गर्ल' या नावाने जगभर फिरलेल्या चित्रात जळणाऱ्या घरासमोर एक छोटी मुलगी कॅमेऱ्याकडे पाहून मिस्कील हसते; जणू आग तिनेच लावली. प्रत्यक्षात ते २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील मेबेन गावी घेतलेले छायाचित्र होते, छायाचित्रकार तिचे वडील होते आणि ते घर अग्निशमन दलाने सरावासाठी मुद्दाम पेटवलेले होते. चित्रात खोटे काहीच नव्हते. तरी चौकट आणि क्षण यांच्या निवडीने पूर्ण वेगळी गोष्ट तयार झाली. विनोदात ही गंमत असते. बातमीत हेच केले तर ती फसवणूक ठरते. दोहोंतला फरक ज्या मुलाने स्वतः चौकट निवडून अनुभवला, ते निवडणुकीच्या काळात फिरणारे एखादे चित्र पाहताना दोन क्षण थांबण्याची शक्यता अधिक.

चित्राचा मालक कोण?

मूळ छायाचित्राचा आग्रह धरण्यामागे कायद्याचेही कारण आहे. अमेरिकी कायद्यानुसार छायाचित्र टिपले गेले, की त्या क्षणी त्यावर काढणाऱ्याचा स्वामित्वहक्क निर्माण होतो. नोंदणी नसली तरी हक्क असतो, आणि काढणारा अल्पवयीन असला तरी तो त्याचाच असतो. दुसऱ्याचे चित्र परवानगीविना वापरण्यास कायद्याच्या १०७ व्या कलमात 'फेअर यूज' म्हणजे न्याय्य वापराची सवलत आहे. ती देताना न्यायालये चार गोष्टी पाहतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारमूल्यावर होणारा परिणाम. वर्गातील अभ्यासाला या सवलतीचा चांगला आधार मिळू शकतो. पण सवलत सरसकट नसते; प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले जाते.

'सक्सेस किड' हे चित्र या बाबतीत बोलके आहे. समुद्रकिनाऱ्यावर मुठीत वाळू धरून विजयी मुद्रेने पाहणाऱ्या तान्ह्या मुलाचे ते छायाचित्र त्याची आई लेनी ग्रायनर यांनी २००७ मध्ये काढले. २०२० मध्ये आयोवातील तत्कालीन काँग्रेस सदस्य स्टीव्ह किंग यांच्या प्रचारसमितीने निधी गोळा करण्यासाठी ते वापरले. आईने दावा लावला. हे मीम सर्वत्र फिरत असल्याने ते वापरण्याची जणू मुभाच होती, हा बचाव ज्युरीने मानला नाही. २०२२ मध्ये समितीला कायद्यातील किमान, म्हणजे ७५० डॉलर भरपाई द्यावी लागली आणि २०२४ मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे: चित्र लाखो लोकांनी पाहिले म्हणून त्याची मालकी लाखो लोकांकडे जात नाही.

ज्यांना जुने चित्र वापरायचेच असेल, त्यांच्यासाठी मोकळी भांडारेही आहेत. स्मिथसोनियन संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा मुक्त वापरासाठी खुल्या केल्या. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये सरकारी कामासाठी काढलेले 'मायग्रंट मदर' हे प्रसिद्ध छायाचित्रही स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. पण मुक्त आहे म्हणून मंदीत होरपळलेल्या त्या आईच्या चेहऱ्यावर विनोदी ओळ लिहावी का? कायदा परवानगी देतो. औचित्याचे उत्तर कायद्यात नाही. वर्गात चांगली चर्चा घडते ती अशाच प्रश्नावर.

कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात चित्र करून देणाऱ्या साधनांमुळे 'मूळ' या शब्दालाही नवे वजन आले आहे. मानवी कर्तृत्वाशिवाय निर्माण झालेल्या चित्राला स्वामित्वहक्क मिळत नाही, अशी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे आणि मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती उचलून धरली. आज्ञा टाइप करून मिळवलेल्या चित्रात उजेडाची, कोनाची आणि समोरच्या माणसाची गाठ पडत नाही. त्यामुळे या गृहपाठाचा हेतूच निसटतो.

चेहरा कोणाचा?

डब्याचे छायाचित्र निरुपद्रवी आहे. वर्गमित्राच्या चेहऱ्याचे तसे नाही. कॅनडातील क्यूबेक प्रांतात २००२ साली गिस्लँ राझा या शाळकरी मुलाने, गोल्फचे चेंडू उचलण्याची काठी तलवारीसारखी फिरवत, स्वतःचे चित्रीकरण केले. पुढच्या वर्षी शाळासोबत्यांनी ते त्याला न विचारता इंटरनेटवर टाकले. 'स्टार वॉर्स किड' म्हणून जग हसले. त्या मुलाला मात्र इतका छळ सोसावा लागला, की शाळा सोडावी लागली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये तडजोडीने मिटले. ते चित्र जगापुढे नेणारे कोणी परके नव्हते. ते त्याचेच सोबती होते.

प्रौढ माणसालाही हे सोपे जात नाही. हंगेरीतील निवृत्त अभियंता आंद्राश अरातो यांनी जाहिरातींसाठी विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांकरिता कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास होकार दिला होता. त्यांचे कसनुसे हसू 'हाइड द पेन हॅरॉल्ड' या नावाने मीम झाले, तेव्हा ते आरंभी व्यथित झाले होते. ती ओळख हसतमुखाने स्वीकारायला त्यांना वेळ लागला. होकार दिलेल्या माणसाची ही कथा, तर न विचारलेल्याची काय होईल?

म्हणून या गृहपाठात संमतीला स्वतंत्र स्थान द्यावे लागते. संमती म्हणजे छायाचित्रापुरती मान डोलावणे नव्हे. चित्रावर कोणती ओळ येणार, ते कोण पाहणार, ते वर्गातच राहणार की शाळेबाहेर जाणार, आणि उद्या मन बदलले तर ते काढून टाकता येईल का, एवढे समोरच्याला आधी कळले पाहिजे. ओळ बदलली तर पुन्हा विचारले पाहिजे, कारण त्याच चेहऱ्याचा अर्थ आता बदललेला असतो. अशा वेळी अनेक मुले स्वतःचाच चेहरा वापरतात, आणि स्वतःवर हसता येणे हा विनोदाचा जुना, खानदानी मार्ग आहे.

मराठी मुलांसमोर यात एक जादा पेच असतो. आजीची साडी, बाबांचे उच्चार, डब्यातल्या भाजीचा वास हे विषय वर्गात हमखास हशा मिळवून देतात. तो हशा आपुलकीचा की टिंगलीचा, हे बऱ्याचदा ओळीतल्या एका शब्दावर ठरते. आजीला ते मीम दाखवता येईल का, ही कसोटी मुलांना चटकन समजते.

विनोदाचे परिणाम

पालकांची आणखी एक चिंता खरी आहे. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने किमान १० विद्यार्थ्यांना दिलेले प्रवेश मागे घेतले. एका खासगी फेसबुक गटात त्यांनी लैंगिक अत्याचार, ज्यूंचा नरसंहार आणि अल्पसंख्याक यांची टवाळी करणारी मीम्स टाकली होती. गट खासगी होता, हे त्यांच्या कामी आले नाही.

सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला राज्यघटनेचे संरक्षण आहे, हेही तितकेच खरे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधणाऱ्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निकाल दिला: शाळेच्या कामकाजात मोठा व्यत्यय येत नसेल, तर अशा अभिव्यक्तीवर बंदी घालता येत नाही. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका मुलीने शाळेबाहेर, सुटीच्या दिवशी स्नॅपचॅटवर टाकलेल्या शिवराळ मजकुराबद्दल शाळेने तिच्यावर केलेली कारवाई न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी चुकीची ठरवली. मात्र गंभीर छळ किंवा धमकी असेल, तर शाळेबाहेरच्या वर्तनातही शाळा लक्ष घालू शकते, असे त्याच निकालात नमूद आहे. विद्यार्थ्याला बोलण्याचा हक्क आहे. बोललेले कोणाला लागले, याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

गुण कशाचे?

मीम किती मजेदार झाले, यावर गुण देणे कोणत्याही शिक्षकाला अवघडच. त्यामुळे छायाचित्राची रचना, अक्षरांची सुवाच्यता, ओळ आणि चित्र यांची सांगड, संमती घेतल्याची नोंद आणि सुधारलेले कच्चे प्रयत्न यांकडे पाहिले जाते. कलावर्गांत रूढ असलेली एक पद्धत इथे फार उपयोगी पडते: काम भिंतीवर लावायचे, बघणाऱ्यांनी त्यांना काय समजले ते सांगायचे आणि करणाऱ्याने तोवर गप्प बसायचे. आपल्याला जे म्हणायचे होते आणि समोरच्याला जे कळले, त्यांत किती अंतर पडले, हे त्या शांततेत समजते. निबंधाच्या वहीवरील लाल शेऱ्यापेक्षा हा अनुभव अधिक काळ लक्षात राहतो.

मुलाने असा गृहपाठ घरी आणला, तर पालकांनी चारच प्रश्न विचारावेत. छायाचित्र कोणी काढले? त्यात जो आहे, त्याला ओळ वाचून दाखवली का? ओळ झाकली तर चित्राचा अर्थ काय उरतो? आणि हे चित्र पाच वर्षांनी, अनोळखी माणसाच्या हाती पडले, तर तो काय समजेल? या चार प्रश्नांची उत्तरे मुलाकडे तयार असतील, तर वर्गातला वेळ सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.